कोजागिरी ते शिमगा : हिवाळी फुलांच्या एका ग्रंथाची प्रस्तावना

आमच्या हिरकणीवाडीत एका घरासमोर विजेचा खांब आहे, आणि त्या खांबावरचा दिवा तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत जळत असतो. त्या घरच्या आजींनी मागे एकदा आषाढात शेवंतीच्या काश्या लावल्या. निम्म्या पुढच्या अंगणात खांबालगत, आणि निम्म्या घरामागे, न्हाणीचे पाणी वाहते तिथे. शेण एकाच गोठ्यातले, काश्या एकाच ताटव्यातल्या, हातही एकाच बाईचा. तरी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मागची रोपे पिवळ्या फुलांनी वाकली होती, आणि पुढची मात्र मांडीइतकी वाढून, हिरव्यागार पानांनी माजून, एकही कळी न धरता उभी होती. आजींनी मीठमोहऱ्या ओवाळून त्यांची दृष्टदेखील काढली. शेवटी निदान केले ते त्यांच्या धाकट्या नातीने : “आजी, त्या दिव्यापायी तिला नीज येत नाही.” पोरीचे बोलणे ऐकून सारे हसले, परंतु ते शब्दशः खरे होते.

1920 साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या दोघा संशोधकांनी तंबाखूच्या एका हट्टी वाणाचा पिच्छा पुरवताना नेमके हेच सिद्ध केले. तो वाण उन्हाळ्यात शेतामध्ये पुरुषाहून उंच वाढे पण फुलत नसे, आणि हिवाळ्यात काचघरातल्या कुंडीत ठेंगणा असतानाच फुलून मोकळा होई. उष्णता, ओलावा, खत अशा सर्व संशयितांची जबानी घेऊन त्यांना सोडून दिल्यावर अखेर दिवसाची लांबी हीच कारण ठरली, आणि पुढील संशोधनाने असे दाखविले की झाड खरोखर मोजते ते रात्रीच्या अखंड अंधाराला. रायगडच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस 13 तासांहून थोडा अधिक आणि सर्वांत लहान सुमारे 11 तासांचा असतो. कामाच्या धबडग्यात आपल्या ध्यानीही न येणाऱ्या त्या दोन तासांच्या तफावतीवर शेवंतीचा सगळा जमाखर्च बसलेला आहे. बाजारासाठी शेवंती पिकवणारे आज हाच गुण राबवतात. फूल लांबवायचे असेल तर रात्री दिवे लावतात, लवकर हवे असेल तर सायंकाळीच वाफ्यावर काळा कपडा ओढतात.

हा ग्रंथ अशाच फुलांविषयी आहे. पावसाने पाठ फिरविल्यानंतर, रात्र लांबत जाऊन हवा कोरडी व गार होऊ लागली म्हणजे ज्यांना जाग येते, आणि उन्हाळ्याची पहिली झळ लागेपर्यंत जी अंगणात, परसात, बांधावर आणि डोंगरउतारावर आळीपाळीने फुलत राहतात, त्यांची ओळख करून द्यावी, ती लावावी कशी आणि तोडून घरात आणल्यावर टिकवावी कशी हे सांगावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्याची मुदत मी कोजागिरी ते शिमगा अशी धरली आहे. ऑक्टोबर ते मार्च असेही म्हणता आले असते. परंतु ज्या वाडीचे नाव, कोजागिरीच्या रात्री घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीवरून पडले, त्या वाडीत बसून हंगामाचा आरंभ दुसऱ्या कोणत्या दिवशी करावा? शिवाय शेतीच्या हिशेबालाही तो दिवस बरोबर पडतो. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि कोजागिरीच्या सुमारास कुठे माती वाफशावर येते, भात पिवळे पडते, आणि बी पेरले तर ते कुजणार नाही असा भरवसा वाटू लागतो. दुसऱ्या टोकाला शिमग्याच्या पालख्या नाचून गेल्या की विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि ज्या वाडीत बायांना हंड्यासाठी ताटकळावे लागते तेथे फुलझाडांना पाणी घाला असे सांगणे शोभत नाही.

इंग्रजी बागपुस्तकांनी आमच्या पिढीची या बाबतीत मोठी दिशाभूल केली. त्या पुस्तकांतला हिवाळा म्हणजे मृत्यू. बर्फाखालून वर येणारा पहिला पांढरा कंद म्हणजे पुनर्जन्म. आणि बी टाकण्याचा महिना अर्थातच मार्च. मी विशीत असताना असल्या एका पुस्तकाच्या आज्ञेवरून फ्लॉक्स, पिटुनिया आणि पॅन्सीचे बी महाडच्या मार्चमध्ये पेरले होते. उगवलेली रोपे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पापडासारखी वाळली, आणि पुढच्या वर्षी शहाणपण आल्यासारखे वाटून जूनमध्ये पेरली ती आठ दिवसांत पाण्याने कुजली. दोष पुस्तकाचा नव्हता; ते ज्या मुलखाचे होते तिथे ते बरोबरच होते. युरोपच्या वसंतात आणि उन्हाळ्यात जी हंगामी फुले फुलतात, त्यांना आमच्याकडे हिवाळ्यातच माफक ऊन आणि गार रात्र मिळते, तेव्हा त्यांचे गादीवाफे नवरात्र उरकल्यावर करावेत, ही साधी गोष्ट मला घाटावरच्या एका माळ्याने सांगितली. तुलीपच्या कंदाला मात्र फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे कडक थंडी सोसावी लागते. ती कोकणात शीतपेटीखेरीज मिळणे नाही, म्हणून या ग्रंथात तुलीपला जागा नाही.

आमच्या अंगणातल्या हिवाळी फुलांकडे नवख्या वाचकाने नीट पाहिले तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येईल. ज्यांच्याशिवाय आपला एकही सण पार पडत नाही ती बहुतेक मंडळी परदेशची आहेत. झेंडू आणि गुलछडी मेक्सिकोच्या, शेवंती आणि अष्टर चीनचे, ग्लॅडिओलस व जरबेरा दक्षिण आफ्रिकेचे. झेंडूने तर इतका अंमल बसविला आहे की दसऱ्याचे तोरण त्याच्याविना बांधायचे ही कल्पनाच कोणाला सहन होणार नाही, आणि त्याची वहिवाट कशी चालते तेही पाहण्यासारखे आहे : दाराला लावलेले तोरण दिवाळीपर्यंत वाळते, मग घरातली म्हातारी ते ओढून काढते, फुले तळहातावर चुरडते, आणि काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखे ते बी एका फडक्यात बांधून चुलीवरच्या फळीवर ठेवून देते. गुलछडीचे आणखी एक नाव, निशिगंध, इतके संस्कृत आहे की तिच्या परदेशी कुळाची शंकाही येऊ नये. खरी एतद्देशीय म्हणावी ती अबोली, कोरांटी आणि कुंद. यांपैकी अबोलीने आपला मान राखला आहे, कारण केळीच्या सोपटात गुंफलेली तिची वेणी दोन दिवस कोमेजत नाही आणि वासाचा अभाव तिने रंगाने भरून काढला आहे. कोरांटी कुंपणाला गेली, देवाच्या परडीपुरती उरली. कुंदाला तर पुष्कळ तरुण वाचकांनी पाहिलेही नसेल.

आणि याच महिन्यांत गावाच्या वर, डोंगरावर, निराळाच कारभार चालू असतो. पौष संपत आला की काटेसावर पाने टाकून देते आणि नागव्या फांद्यांवर तळव्याएवढी लाल, मांसल फुले येतात. तिच्या मागोमाग पांगारा, मग पळस, आणि खडकाळ उतारावर गणेर, ज्याच्या पिवळ्याजर्द फुलांमुळे करडा कडा सोन्याचा पत्रा ठोकल्यासारखा दिसतो. उक्षीच्या वेलीला फिक्या हिरव्या फुलोऱ्याचे घोस लागतात. आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढू लागले म्हणजे वरच्या टप्प्यात अंजनीच्या काड्यांना, पान कुठले आणि फूल कुठले हे कळू नये अशी, जांभळट निळी झिलई चढलेली दिसते. पण मला विचाराल तर या दिवसांची खरी मानकरी धायटी. हे एक कमरेएवढे, कोणाच्या हिशेबात नसलेले झुडूप. वणव्यात होरपळले तरी मुळातून पुन्हा फुटणारे. माघात तिच्या लांब, वाकलेल्या फांद्यांना टोकापर्यंत शेंदरी नळ्यांचे झुबके चिकटून येतात. एक नळी उपटून तिचे बूड चोखले की जिभेवर मधाचा थेंब येतो, आणि हे शास्त्र गुराख्याच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. वैद्यांना तिची गरज आसवारिष्टांच्या किण्वनासाठी लागते, म्हणून कातकरी बाया फुले वाळवून विकतात. अंगणात मात्र ती कोणी लावलेली मी पाहिली नाही. मेक्सिकोचा झेंडू उंबऱ्यावर आणि उशाशी वाढलेली धायटी हद्दीबाहेर, ही तजवीज कोणी आणि केव्हा केली, हा प्रश्न या ग्रंथाच्या मुळाशी आहे.

उत्तर शोधू गेल्यास बागेच्या इतिहासात शिरावे लागते. आपल्या प्राचीन कवींना ऋतू आणि फूल यांची सांगड पक्की ठाऊक होती. मेघदूतातला यक्ष अलकानगरीच्या स्त्रियांच्या अंगावर सहाही ऋतूंची फुले एकदम दाखवितो, आणि त्यांत हेमंताचा कुंद, शिशिराचा लोध्र व वसंताचा कुरबक, म्हणजे बहुतेकांच्या मते आपली कोरांटी, अशी आमच्या मुदतीतली तीन आहेत. पुढे फारशी वळणाची बाग आली : चार भाग, मधून पाट, हौद, कारंजे, औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात ती आखणी आजही पायाखाली मोजता येते. ज्या राजाच्या आज्ञेने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश सिद्ध झाला, त्याच्याच राजधानीच्या पायथ्याशी बसून बाग, कलम, गुलाब, गुलछडी, गुलदस्ता हे शब्द लिहिताना मला किंचित संकोच होतो. परंतु माळ्याच्या जिभेवर एकदा बसलेला शब्द कोणत्याही कोशाला दाद देत नाही.

मराठी राजवटीची बाग म्हणून वेगळी दाखवता येईल अशी वास्तू फारशी उरलेली नाही. पण धोरण उरले आहे, आणि ते मला कोणत्याही वास्तूपेक्षा मोलाचे वाटते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाच्या बंदोबस्ताविषयी जी कलमे आहेत, त्यांत गडावरचे असलेले झाड तोडू देऊ नये असे सांगून, आंबा-फणसासारखे थोर वृक्ष आणि लिंबू-नारिंगासारखे लहान वृक्ष यांच्या जोडीने फुलझाडे व वेलीही लावण्यास फर्माविले आहे, आणि त्याहून विशेष म्हणजे उपयोगाचे असो वा बिनउपयोगाचे, जे झाड तिथे होत असेल ते लावून जतन करावे असा दंडक घातला आहे. तोफा, दारूगोळा आणि धान्याची कोठारे यांचा विचार करणाऱ्या मुत्सद्द्याने वेलीची आठवण ठेवावी, यातले व्यावहारिक कारण त्यानेच पुढे दिले आहे, की प्रसंगी निदान लाकूड तरी कामास येईल; पण ‘जे तिथे होत असेल ते’ या धोरणात सारी उद्यानविद्या आली, असे मी समजतो.

इंग्रजी अमदानीत बाग ही प्रथम दफ्तराची गोष्ट झाली. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना 1828 मध्ये पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतिउद्यान निघाले, 1830 मध्ये पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यानसंस्था स्थापन झाली, जिच्याकडे आज पुण्याची एम्प्रेस गार्डन आहे व जिचे जानेवारीतले पुष्पप्रदर्शन अजूनही पुणेकरांची गर्दी खेचते, आणि 1862 मध्ये मुंबईत भायखळ्याची राणीची बाग खुली झाली. याच काळात आमच्या रानाची फेरिस्त तयार होत होती. ग्रॅहॅमची मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी 1839 ची, डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ 1861 चा, आणि थिओडोर कुक यांचे मुंबई इलाख्यावरील मोठे काम 1901 ते 1908 या वर्षांतले. यांतले गिब्सन दापोडीच्या बागेचे अधीक्षक होते आणि पुढे इलाख्याचे वनसंरक्षक झाले, म्हणजे वाफ्यातली फुले आणि डोंगरावरची फुले या दोहोंवर एकाच माणसाची देखरेख होती. तरीही कागदावर एकत्र आलेल्या त्या दोन दुनिया मातीत एकत्र आल्या नाहीत. साहेबाच्या बंगल्याला विलायतेची आठवण हवी होती, आणि साहेब गेल्यावर बंगल्यात राहायला आलेल्या आपल्या लोकांना साहेबाची.

त्यानंतरचा काळ शेतीचा आणि व्यापाराचा. पुण्याच्या गणेशखिंडीत अष्टरचे फुले गणेश या नावाचे पांढरे, गुलाबी, जांभळे वाण निघाले. तळेगाव-मावळच्या हरितगृहांत फेब्रुवारीच्या चौदा तारखेवर डोळा ठेवून गुलाब वाढू लागला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे फुलशेतीला वाहिलेले संचालनालयही पुण्यातच आले. हे सारे काम मोठे आहे. परंतु ते फुलाला माल समजून चालते, आणि त्यात गैर काही नसले तरी माझ्या वाचकाचे अंगण हा त्याचा विषय नव्हे.

फुले तोडून मांडण्याच्या कलेतही घराणी आहेत. आपले घराणे सुईदोऱ्याचे आणि गाठीचे : वेणी, गजरा, हार, तोरण, पालखीचा साज, फूल देठापासून तोडायचे, आणि ते माणसाच्या किंवा देवाच्या अंगावर चढवायचे. महाडला वीरेश्वराच्या छबिन्यात जमणाऱ्या पालख्या पाहिल्या म्हणजे या घराण्याचा थाट कळतो. देठासह फूल पाण्यात उभे करणे हा पश्चिमेकडचा आणि जपानचा रिवाज. पश्चिमेने भरगच्चपणा शिकविला. जपानने उलट मोजकेपणा शिकविला. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो घराण्याचा लेखी उल्लेख 1462 पासून सापडतो, ओहारा घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरट भांड्यातली मांडणी आणली, आणि 1927 मध्ये तेशिगाहारा सोफू यांनी सोगेत्सु घराणे काढून कोणतीही वस्तू वर्ज्य नाही असा पुकारा केला. जपानी मांडणीत निष्पर्ण फांदीला जो मान आहे तो पाहून मला नेहमी आमची माघातली टेकडी आठवते. फांदीवर फुले आहेत आणि पाने नाहीत, अशी तयार मांडणी तिथे उभीच असते.

ती घरात आणणे मात्र सोपे नाही, हे मी फजितीने शिकलो. पहिल्या वर्षी मी काटेसावरीची पूर्ण उमललेली डहाळी तांब्याच्या घंगाळात लावून पाहुण्यांची वाट पाहत बसलो. रात्रभर माजघरात थप्प, थप्प असा आवाज येत राहिला, आणि सकाळी घंगाळात काठी व जमिनीवर फुले. सावर फूल अख्खेच्या अख्खे टाकते, म्हणून तिची घट्ट कळ्यांची फांदी घ्यावी, आणि तीही एक-दोन दिवसांचीच पाहुणी समजावी. धायटी मात्र भल्या पहाटे तोडून, देठ तिरका छाटून, पाण्यात बुडणारी पाने काढून ठेवली आणि पाणी रोज बदलले, तर चांगली टिकते. उक्षीला तर पाणी आटले तरी चिंता नाही, ती भांड्यातच वाळते आणि वाळूनही शोभते. गुलछडीची छडी खालची एक-दोन फुले उमलताच तोडावी, ग्लॅडिओलस खालच्या कळ्यांना रंग दिसताच. शेवंती आणि झेंडू मात्र पुरते उमलू द्यावेत. आणि फुलांशेजारी पिकत्या केळ्यांचा घड टांगू नये. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू पुष्कळ फुलांना अकाली म्हातारे करतो.

आज हा ग्रंथ काढण्याची निकड का वाटली, तेही सांगितले पाहिजे. आमच्या दारांवर आता प्लॅस्टिकचा झेंडू बारा महिने लटकतो. 1996 मध्ये वाडीत रोपवे आला तेव्हापासून गडाची वर्दळ वाढली, घरांचे उंबरे रस्त्याला लागले, आणि पाहुण्यांसाठी केलेल्या बागांत रोपवाटिकेतून आलेली तीच ती दहा झाडे दिसू लागली. फाल्गुनात डोंगराला वणवे लागतात तेव्हा गणेर आणि धायटी नेमकी फुलात असते. पण याहून मोठी हानी नावांची आहे. मुंबईला गेलेल्या घरांतली मुले शिमग्याला येतात, डोंगराकडे बोट दाखवून ‘ते लाल’ आणि ‘ते पिवळे’ असे विचारतात, आणि ज्या म्हाताऱ्यांना नावे सांगता येतात त्या दरवर्षी थोड्या कमी झालेल्या असतात.

म्हणून या ग्रंथात अंगणातली फुले आणि रानातली फुले वेगवेगळ्या विभागांत न टाकता ती ज्या क्रमाने फुलतात त्या क्रमाने, पंधरवड्यामागून पंधरवडा, एकाच ओळीत बसविली आहेत. अष्टरच्या शेजारी कोरांटी येते आणि ग्लॅडिओलसच्या मागोमाग धायटी. जी मी स्वतः लावून किंवा भांड्यात ठेवून पाहिली नाहीत ती गाळली आहेत, त्यामुळे गुलाबासारख्या नामांकित फुलावर चार पाने आणि धायटीवर अकरा, असा विषम हिशेब झाला आहे. तो मला मान्य आहे. रानातून रोप उपटून आणावे असे मात्र कोठेही सुचविलेले नाही; बी गोळा करावे, पांगाऱ्यासारखे छाटावरून येणारे असेल तर एक फांदी मागून घ्यावी, आणि डोंगराचे डोंगरावर राहू द्यावे.

ग्रंथाच्या शेवटी सहा पाने कोरी ठेवली आहेत. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाचकांनी आपापल्या वाडीत धायटीचे पहिले फूल कोणत्या तिथीला दिसले, सावरीने पान केव्हा टाकले, आणि कोणत्या फुलाला घरातली म्हातारी माणसे कोणत्या नावाने हाक मारतात, ते त्यांवर लिहून ठेवावे, आणि पुढच्या शिमग्याला गावी येताना ती पाने बरोबर आणावीत. दुसरी आवृत्ती त्यांच्यावरूनच करावयाची आहे.

हिरकणीवाडी,
वसंत पंचमी